नवीन जुळवलेला पीसी: कधी निळी स्क्रीन, कधी थेट रीस्टार्ट. पार्ट बदलण्याआधी काय तपासू?

सेक्टर_९ | शुक्रवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. पंधरा दिवसांपूर्वी जुळवलेला डेस्कटॉप काही केल्या स्थिर होत नाहीये. ठिकाण घणसोली. जोडणी अशी: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम (वेग ६०००, सीएल ३०, 'एक्स्पो' म्हणजे वाढीव वेगाचं सेटिंग चालू), रेडिऑन आरएक्स ७८०० एक्सटी ग्राफिक कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ७५० वॉटचा गोल्ड रेटिंगचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), विंडोज ११.

लक्षणं: दर एक-दोन दिवसांनी निळी स्क्रीन. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल', एकदा 'पेज फॉल्ट'. शिवाय गेम चालू असताना मशीन फटकन बंद पडतं आणि आपोआप सुरू होतं, तेव्हा निळी स्क्रीन दिसतच नाही. ब्राउझर, ऑफिसच्या कामात असं एकदाही झालेलं नाही. तापमान ठीक आहे, गेममध्ये प्रोसेसर ७२, कार्ड ६८.

दुकानदार म्हणतो एसएमपीएस बदलून ८५० चा घ्या. मित्र म्हणतो रॅम खराब. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात फेरी मारायचीच तर नेमकं काय घेऊन जायचं ते आधी कळायला हवं. सुरुवात कुठून करू?

उपवन | शुक्रवार, रात्री १०.२५

गेममध्येच बंद पडतो, म्हणजे लोड आला की एसएमपीएस दम तोडतोय. दुकानदार बरोबर सांगतोय. ८५० चा घ्या.

ओहमकाका | शुक्रवार, रात्री ११.०३

उपवन, थोडं थांबा. आधी हिशेब करू. ७८०० एक्सटी कार्डाची पूर्ण खपत २६३ वॉट. ७६०० ला बोर्ड जास्तीत जास्त ८८ वॉट देतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नास-साठ धरा. बेरीज चारशे-सव्वाचारशेच्या आसपास. एएमडी या कार्डासाठी किमान ७०० वॉटचा सप्लाय सांगते. ७५० चा सप्लाय धडधाकट असेल तर तो पुरेसा आहे. तो खराब निघू शकतो, पण 'कमी पडतो' हे निदान चुकीचं.

धागाकर्ते, तुमच्या वर्णनात मला एक नाही, दोन आजार दिसतायत. निळी स्क्रीन येते तेव्हा विंडोज जिवंत असतं. त्याला चूक सापडते, ते कोड लिहून ठेवतं आणि मग थांबतं. फटकन बंद पडतं तेव्हा विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळत नाही. या दोन्हींचं कारण एक असू शकतं, पण ते गृहीत धरलंत तर महिनाभर गोल गोल फिराल.

म्हणून पहिलं काम इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. त्यात 'कर्नल-पॉवर' नावाच्या, ४१ क्रमांकाच्या लाल नोंदी शोधा. प्रत्येकीच्या डिटेल्समध्ये 'बगचेककोड' असतो. तिथे ० असेल तर वीज गेली किंवा मशीन विंडोजला न कळवताच बंद पडलं. आकडा असेल तर ती निळी स्क्रीन. हा आकडा दशमान पद्धतीत असतो, त्यामुळे इंटरनेटवरच्या कोडशी तो जुळत नाही आणि लोक गोंधळतात. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, १० म्हणजे आयआरक्यूएल, ८० पेज फॉल्ट, २७८ ग्राफिक ड्रायव्हर अडकला, २९२ म्हणजे हार्डवेअरने स्वतः दिलेली तक्रार. प्रत्येक नोंदीची वेळ आणि कोड वहीत उतरवा. ही यादी मिळाल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

पामबीच | शुक्रवार, रात्री ११.२०

काकांना +१. त्याच यादीत 'व्हीया-लॉगर' (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) आहे का तेही बघा. १८ क्रमांक म्हणजे प्रोसेसरची गंभीर चूक, १९ म्हणजे दुरुस्त झालेली चूक, १७ बहुतेकदा पीसीआय एक्स्प्रेसची, म्हणजे कार्ड ज्या खाचेत बसतं तिथली. गेममध्ये १७ ची रांग लागली असेल तर कार्ड नीट बसलंय का, आणि कार्ड उभं लावायची रायझर केबल वापरलीय का, ते बघायचं. स्वस्त रायझरला चौथ्या पिढीचा वेग झेपत नाही. अशा वेळी बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) तो स्लॉट तिसऱ्या पिढीवर ठेवला की गप्प होतो.

सेक्टर_९ | शनिवार, सकाळी ९.४०

यादी काढली. १५ दिवसांत ४१ क्रमांकाच्या १९ नोंदी. ११ मध्ये कोड आहे (२६ सात वेळा, १० तीन वेळा, ८० एकदा). उरलेल्या ८ मध्ये कोड ०. व्हीया-लॉगरची एकही नोंद नाही. रायझर नाही, कार्ड थेट बोर्डात आहे. कोड असलेल्या नोंदी दिवसभर विखुरलेल्या आहेत, कोड ० वाल्या सगळ्या गेमच्या वेळी.

ओहमकाका | शनिवार, सकाळी १०.०५

उत्तम. दोन आजार पक्के. आधी रॅमचा निकाल लावा, कारण रॅम डळमळीत असताना बाकीच्या कुठल्याही चाचणीवर विश्वास ठेवता येत नाही.

येऊर | शनिवार, सकाळी ११.३०

रॅमबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच लोक घाई करतात.

'एक्स्पो' हे बटण म्हणजे रॅम कंपनीने आधीच ठरवून दिलेलं ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत आकड्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं. डब्यावर ६००० छापलेलं असलं तरी एक्स्पो बंद असताना ही रॅम ४८०० वर आणि १.१ व्होल्टवर चालते. एक्स्पो चालू केला की ६००० आणि बहुतेकदा १.३५ व्होल्ट. रायझन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन रॅमना ५२०० आहे. त्यापुढचं सगळं प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या नशिबावर. बहुतेकांचा ६००० झेपतो, म्हणूनच सगळे तो घेतात.

मशीन उघडा. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत रॅम आहे ना? बोर्डवर ए२, बी२ असं बारीक छापलेलं असतं. पहिल्या-तिसऱ्यात असेल तर ६००० वर खात्रीने रडणार. खाचेत बसवताना 'कट्' असा आवाज दोन्ही टोकांना यायला हवा. काही बोर्डांना एकाच बाजूला कुलूप असतं, तिथे बिनकुलपाचं टोक अर्धवट राहतं आणि डोळ्यांना मात्र नीट बसल्यासारखं दिसतं. त्या टोकावर अंगठा ठेवून दाबा.

मग मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाका आणि त्यावरून मशीन सुरू करा. विंडोजमधली स्वतःची मेमरी चाचणी इतकी वरवरची आहे की तिचं 'ठीक आहे' मोजू नका. पहिली फेरी एक्स्पो बंद करून, पूर्ण चार पास (म्हणजे चाचणीची चार आवर्तनं). दुसरी फेरी एक्स्पो चालू करून, पुन्हा चार पास. एक एरर आली तरी नापास. रॅममध्ये 'थोडीशी चूक' असं काही नसतं. ३२ जीबीला वेळ लागतो. रात्री झोपताना लावा, सकाळी मामलेदारची मिसळ खाऊन या आणि मग निकाल बघा.

निकाल असा वाचायचा. एक्स्पो बंद असतानाही एरर आली तर रॅम, खाच किंवा प्रोसेसरची बैठक यात दोष. बंद असताना स्वच्छ, चालू केल्यावर एरर, तर रॅम बहुधा निर्दोष आहे आणि सेटिंग किंवा बायोसचा प्रश्न आहे. तेव्हा एकेक रॅम ए२ मध्ये लावून एक्स्पोवर तपासा. एकेकटी पास आणि जोडीने नापास, तर दोष रॅमचा नाही.

रेतीबंदर | शनिवार, दुपारी १२.१५

इतकं सगळं करण्याआधी रॅमचे सोनेरी दात खोडरबरने घासून लावा. खाडीजवळची हवा, त्यात पावसाळा. कळवा, ऐरोली, घणसोली पट्ट्यात निम्म्या मशिनी एवढ्यानेच सुरू होतात.

येऊर | शनिवार, दुपारी १२.४०

रेतीबंदर, खोडरबराला माझा स्पष्ट विरोध. त्या दातांवरचा सोन्याचा थर मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ. रबर घासलं की थर झिजतो, खालचं निकेल उघडं पडतं आणि मग गंज खरोखर धरतो. रबराचे कण खाचेत पडतात ते वेगळंच. पंधरा दिवसांच्या रॅमवर गंज चढत नाही. चढलाच असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड. दोनदा हलक्या हाताने पुसा, पाच मिनिटं वाळू द्या.

रेतीबंदर | शनिवार, दुपारी १२.५५

दहा वर्षं जुन्या, काळ्या पडलेल्या डीडीआर३ ला रबरच लागतं, अल्कोहोलने तो थर निघत नाही. नवीन रॅमबाबत तुमचं म्हणणं मान्य.

पामबीच | शनिवार, दुपारी १.३०

येऊरांच्या 'प्रोसेसरची बैठक' या मुद्द्याला जोडून. एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये आहेत, १७१८. कूलरचे स्क्रू एका बाजूने पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलं की दाब तिरका बसतो आणि एखाद्या पिनेचा स्पर्श कच्चा राहतो. त्याचं एक ठळक लक्षण म्हणजे एका चॅनलची रॅम अधूनमधून दिसतच नाही, ३२ ऐवजी १६ जीबी दाखवतं. असं असेल तर कूलर काढा, जुनी पेस्ट पुसा, वाटाण्याएवढी नवीन लावा आणि स्क्रू समोरासमोरचे, दोन-दोन आटे, आळीपाळीने आवळा. कूलरच्या बुडाचा प्लास्टिकचा पापुद्रा काढलाय ना? तुमचं ७२ तापमान बघता काढलेला आहे. एसएसडीच्या पट्टीखालच्या पॅडवरही असाच पापुद्रा असतो, तो हमखास राहतो.

सेक्टर_९ | रविवार, सकाळी १०.५०

निकाल. खाचा बरोबर आहेत, दुसरी-चौथी. ३२ जीबी नेहमी दिसते. एसएसडीच्या पॅडवरचा पापुद्रा खरंच तसाच होता, काढला. पामबीच, आभार.

एक्स्पो बंद: चार पास, शून्य एरर. एक्स्पो चालू: दुसऱ्या पासमध्ये ३ एरर, चौथ्यापर्यंत ११. एकेक रॅम ए२ मध्ये एक्स्पोवर: दोन्ही स्वच्छ. बायोस बोर्डासोबत आलेलाच आहे, २०२३ च्या सुरुवातीचा.

येऊर | रविवार, सकाळी ११.१०

मग रॅम परत करायला जाऊ नका. दुकानात ती एकेकटी तपासतील, पास होईल आणि तुम्ही रिकाम्या हाताने ग्रँट रोड स्टेशनला परत.

बायोस बदला. तुमचा बायोस एप्रिल २०२३ च्या आधीचा असेल तर तो तसाही ठेवू नये. त्या सुमारास एएमडीने एक्स्पोमध्ये प्रोसेसरच्या एसओसी व्होल्टेजवर (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा आणली, कारण जास्त व्होल्टेजने काही प्रोसेसर जळाले होते. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये रॅमचं जुळवून घेणंही खूप सुधारलं.

क्रम नीट पाळा. विंडोज ११ मध्ये डिस्क एन्क्रिप्शन चालू असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बायोस बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसली तर डेटा गेला. मग पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची आणि रिव्हिजनची फाइल घ्या. रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली असते. एक्स्पो बंद करा आणि मग बायोसमधूनच अपडेट करा, विंडोजमधल्या सॉफ्टवेअरने नको. अपडेटनंतर सगळी सेटिंग मूळपदावर येतात. पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटं काळा राहील. तेव्हा मशीन मेमरीशी ताळमेळ बसवत असतं. बटण दाबून बंद करू नका.

त्यानंतर एक्स्पो चालू करा आणि 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' शोधा. ते चालू ठेवलं तर मशीन लवकर उठतं, कारण दर वेळी ताळमेळ नव्याने बसवत नाही. पण ते चालू आणि 'पॉवर डाउन एनेबल' (रॅमची वीज वाचवणारं सेटिंग) बंद, अशी जोडी झाली की निळ्या स्क्रीन येतात. दोन्ही चालू ठेवा, नाहीतर दोन्ही बंद.

ओहमकाका | रविवार, सकाळी ११.१८

आणि बायोस टाकताना वीज जाता कामा नये. पावसाळी दुपारी नको, पहाटे करा.

मासुंदा | रविवार, दुपारी ४.००

अवांतर प्रश्न. अशाच मशीनमध्ये आणखी दोन १६ जीबी टाकून ६४ करायचंय. त्याच कंपनीची, त्याच आकड्याची जोडी घेतली तर चालेल ना?

येऊर | रविवार, दुपारी ४.३५

सुरू होईल, पण ६००० वर चालेल याची आशा धरू नका. रायझन ७००० मध्ये चार रॅमचा अधिकृत आकडा ३६०० आहे. काहींचं पाच हजारांच्या वर चालतं, पण तो नशिबाचा भाग. शिवाय वेगवेगळ्या पुड्यांतल्या जोड्यांच्या आत वेगळ्या चिपा निघू शकतात. ६४ हवी तर ३२ च्या दोन घ्या आणि जुनी जोडी विका.

भांडुपचा_सोल्डर | रविवार, संध्याकाळी ६.१०

हा धागा शोधत इंटेलवालेही येतील, त्यांच्यासाठी. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये (६५ वॉट आणि वरचे) जास्त व्होल्टेज मागितल्यामुळे झीज होण्याचा दोष होता. लक्षण विचित्र: भरपूर मेमरी असलेल्या कार्डावरही गेम 'व्हिडिओ मेमरी संपली' म्हणून बंद पडतो, मोठी झिप फाइल उघडताना चूक येते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) दिले, ते नवीन बायोसमधून मिळतात. पण झालेली झीज बायोसने भरून येत नाही. इंटेलने त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवलीय, तिचा उपयोग करा.

सेक्टर_९ | बुधवार, रात्री ९.२०

नवीन बायोस टाकला. एक्स्पो चालू, दोन्ही सेटिंग चालू. मेमटेस्ट चार पास, शून्य एरर. सोमवारपासून एकही निळी स्क्रीन नाही.

पण गेममध्ये रीस्टार्ट अजून होतोय. सोमवारी एकदा, आज दोनदा. तिन्ही वेळा कोड ०.

उपवन | बुधवार, रात्री ९.३१

आता तरी एसएमपीएस बदला. कार्डाला दोन आठ-पिनी लागतात, त्या एकाच केबलच्या दोन शेंड्यांनी दिल्यात का?

सेक्टर_९ | बुधवार, रात्री ९.४५

हो, एकच केबल, तिला दोन शेंड्या.

पामबीच | बुधवार, रात्री १०.०२

उपवनांचा हा मुद्दा बरोबर आहे, आधी तो सोडवा. एका आठ-पिनी जोडणीला १५० वॉट, खाचेतून ७५. एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा, म्हणजे क्षणिक झटके दोन वाटांत विभागले जातात. केबल त्याच एसएमपीएसच्या डब्यातली हवी. जुन्या सप्लायची केबल खाचेत बसते म्हणून लावू नका. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते. एका चुकीच्या केबलने कार्ड किंवा ड्राइव्ह जळतं.

प्रोसेसरची ४+४ केबलही काढून घाला. तिचे दोन तुकडे सरकून एक अर्धवट बसतो. ती आणि कार्डाची ६+२ दिसायला सारखी असली तरी एकमेकींच्या जागी चालत नाही.

भांडुपचा_सोल्डर | बुधवार, रात्री १०.२०

मल्टिमीटर असेल तर लोडवर जुन्या चार-पिनी जोडणीत पिवळी आणि काळी तार मोजा. ११.४ ते १२.६ च्या आत हवं. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या १२ व्होल्टच्या आकड्यावर जाऊ नका. मीटरलाही काही मिलिसेकंदांची डुबकी दिसत नाही, तेव्हा मीटर बरोबर दाखवतो म्हणून सप्लाय निर्दोष ठरत नाही. दुकानात हिरव्या-काळ्या तारेत पिन घालून पंखा फिरवून दाखवतात, त्यावरून तर फक्त सप्लाय सुरू होतो एवढंच कळतं.

तलावपाळी | गुरुवार, सकाळी ७.५०

सेक्टर_९, दोन प्रश्न. पीसीचा प्लग घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का? आणि रीस्टार्ट झाल्यावर स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हचं घड्याळ लुकलुकत असतं का?

सेक्टर_९ | गुरुवार, रात्री ११.१५

दोन स्वतंत्र केबल लावल्या, ४+४ पुन्हा बसवली. लोडवर १२.०८ व्होल्ट. रात्री साडेनऊला पुन्हा रीस्टार्ट.

तलावपाळी ताई, तुमचा प्रश्न वाचलेला होता म्हणून लगेच स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. घड्याळ ००:०० वर लुकलुकत होतं. पीसी इन्व्हर्टरच्याच लाइनवर आहे. ९०० व्हीएचा, साइन वेव्ह. दिवे, पंखे, राउटर त्यावरच, मायक्रोवेव्ह नाही.

तलावपाळी | शुक्रवार, सकाळी ८.१०

मग वीज क्षणभर जाऊन येतेय. पावसात हे होतंच, कुठे झाडाची फांदी टेकते, कुठे वीजवाले फीडर (पुरवठ्याची लाइन) बदलतात. पंखा फिरत राहतो, एलईडी दिवा एकदा मिचकतो, कानाला हेडफोन असले तर इन्व्हर्टरच्या रिलेचा 'टक' ऐकूही येत नाही. पीसीला मात्र तो क्षण भोवतो.

इन्व्हर्टरच्या मागे एक छोटा स्विच असेल, यूपीएस आणि इको (कुठे 'वाइड' किंवा 'होम' लिहितात). इकोमध्ये इन्व्हर्टर मेनवरून बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो. यूपीएसमध्ये तो बदल काही मिलिसेकंदांत होतो. आकडा मॅन्युअलमध्ये 'चेंजओव्हर टाइम' म्हणून छापलेला असतो. स्विच कशावर आहे बघा.

उपवन | शुक्रवार, सकाळी ८.४०

ताई, तसं असेल तर ब्राउझर चालवतानाही बंद पडायला हवा. फक्त गेममध्येच का? म्हणूनच मी एसएमपीएस म्हणतोय.

ओहमकाका | शुक्रवार, सकाळी ९.३०

प्रश्न अगदी बरोबर विचारलात, आणि याचं उत्तर सुंदर आहे.

एसएमपीएसच्या आत एक मोठा कपॅसिटर असतो, दिसायला काळ्या डबीसारखा, चारशे-सव्वाचारशे व्होल्टचा. मेनची वीज गेली की मशीन त्याच्या साठ्यावर जगतं. समजा तो ४७० मायक्रोफॅरडचा आहे, ३८० व्होल्टपर्यंत भरलेला, आणि ३०० च्या खाली गेला की सप्लाय थांबतो. म्हणजे वापरता येणारा साठा सुमारे १३ ज्यूल. गेममध्ये मशीन ४५० वॉट ओढतंय, तर तो साठा २९ मिलिसेकंदांत संपतो. ब्राउझरमध्ये ९० वॉट ओढतंय, तर तोच साठा १४४ मिलिसेकंद पुरतो.

आता इन्व्हर्टरला इकोमध्ये चाळीसेक मिलिसेकंद लागत असतील असं धरा. ब्राउझरमध्ये मशीनला कळतही नाही. गेममध्ये मात्र अकरा मिलिसेकंद कमी पडतात आणि ते जातं. वीज दोन्ही वेळा गेली, खिसाही तेवढाच होता, फक्त एकदा मशीनचा खर्च कमी होता. म्हणून हा दोष हुबेहूब 'लोड सहन होत नाही' असा दिसतो आणि चांगला एसएमपीएस बदलला जातो. ८५० चा आणला असता तर कपॅसिटर थोडा मोठा मिळून रीस्टार्ट कमी झाले असते आणि सगळ्यांना निदान बरोबर वाटलं असतं.

सिद्ध करायची चाचणी सोपी आहे. सगळ्या फाइल्स बंद, बॅकअप घेतलेला. मशीन डेस्कटॉपवर नुसतं ठेवा आणि इन्व्हर्टरचा मेनचा स्विच बंद करा, म्हणजे तो बॅटरीवर येईल. असं पाच वेळा, मध्ये एकेक मिनिट थांबून. मग फरमार्क किंवा ओसीसीटी या ताण देणाऱ्या सॉफ्टवेअरने कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही तापवत ठेवा आणि पुन्हा पाच वेळा. मग स्विच यूपीएसवर टाकून हेच सगळं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही.

सेक्टर_९ | शनिवार, दुपारी १.२५

केली. स्विच इकोवरच होता.

इको, रिकामं मशीन: पाचपैकी पाच वेळा टिकलं. इको, पूर्ण लोड: पाचपैकी चार वेळा रीस्टार्ट. यूपीएस मोड, पूर्ण लोड: दहापैकी दहा वेळा टिकलं.

उपवन | शनिवार, दुपारी १.४०

पटलं. एसएमपीएसचा आग्रह मागे घेतो. काका, कपॅसिटरचं गणित जतन करून ठेवतोय.

तलावपाळी | शनिवार, दुपारी २.१५

छान झालं. आता दोन गोष्टी सांभाळा. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज थोडं पडलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो, त्यामुळे बॅटरी जास्त वापरली जाते. पाण्याची पातळी महिन्यातून एकदा बघा, डिस्टिल्ड वॉटरच घाला. दुसरं, ९०० व्हीए म्हणजे ढोबळ ७०० वॉट. गेम, तीन पंखे आणि दिवे जमेल, पण त्या लाइनवर मिक्सर किंवा इस्त्री लावली की ओव्हरलोड होऊन सगळंच बंद.

वाचणाऱ्या इतरांसाठी: इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर असा एसएमपीएस चालवूच नका, एसएमपीएसमधल्या अ‍ॅक्टिव्ह पीएफसी सर्किटचं आणि त्याचं जमत नाही. पीसीला वेगळा १००० व्हीएचा, ६०० वॉटचा यूपीएस थेट मेनवर लावा. ६०० व्हीएचे छोटे डबे ३६० वॉटचे असतात, ते या मशीनला पुरणार नाहीत.

भांडुपचा_सोल्डर | शनिवार, दुपारी ३.००

मीटर हातात आहेच तर त्या सॉकेटचं अर्थिंगही बघून घ्या. फेज-अर्थ जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच यायला हवं आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

पामबीच | शनिवार, संध्याकाळी ५.१०

एक गोष्ट राहिली. विंडोज टाकलं तेव्हा एक्स्पो चालू होता ना? मग त्या चुकणाऱ्या रॅममधून फाइल्स डिस्कवर लिहिल्या गेल्यात. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी डिझमचं रिस्टोअर-हेल्थ चालवा, मग एसएफसी स्कॅननाऊ (दोन्ही विंडोजच्या फाइल्स तपासून दुरुस्त करतात). एसएफसी दुसऱ्यांदाही तुटलेल्या फाइल्स दाखवत असेल तर विंडोज नव्याने टाका. त्या पंधरा दिवसांत कॉपी केलेले फोटो, झिप फाइल्स मूळ प्रतीशी ताडून बघा. रॅम बरी झाली म्हणून बिघडलेली फाइल बरी होत नाही.

सेक्टर_९ | शनिवार, रात्री ८.३०

हो, चालूच होता. एसएफसीला तुटलेल्या फाइल्स सापडल्या आणि दुरुस्त झाल्या, दुसऱ्यांदा स्वच्छ. फोटो उद्या ताडतो.

एक शेवटचा प्रश्न: रॅम ६००० वरच ठेवू की ५६०० वर आणू?

येऊर | शनिवार, रात्री ९.०५

मेमटेस्टचे चार पास स्वच्छ आहेत, ६००० ठेवा. फक्त विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटीची मेमरी चाचणी तासभर कार्डावर लोड ठेवून करा. मेमटेस्टमध्ये कार्ड थंड असतं. गेममध्ये कॅबिनेटमधली हवा तापते आणि रॅमही तापते.

ओहमकाका | शनिवार, रात्री ९.२२

मी ५६०० म्हणेन. गेममध्ये फरक जाणवणार नाही आणि मे महिन्यात खोलीत ३६ अंश असताना हाताशी थोडी सूट राहील.

येऊर | शनिवार, रात्री ९.३०

काका, मग मे महिन्यातच ५६०० करू. आता जुलै आहे.

सेक्टर_९ | रविवार, रात्री १०.४०

तासभर कार्डाच्या लोडसकट मेमरी चाचणी, शून्य एरर. रॅमचं तापमान ५१. ६००० वर ठेवतोय. आज साडेसातला मायक्रोवेव्हचं घड्याळ पुन्हा लुकलुकलं, गेम चालूच राहिला.